पावणेसात तासांचं व्याख्यान

(दृश्य: नौपाडा, संध्याकाळ. टेबलावर लॅपटॉप आणि हेडफोन.)

ठाण्यात व्याख्यानमालांना तोटा नाही. आता बरीच व्याख्यानं लाइव्ह दिसतात. सभागृहाचे जिने ज्यांना झेपत नाहीत, ती मंडळी घरबसल्या ऐकतात. नौपाड्यातल्या या खोलीत एक कार्यकर्ती ते लाइव्ह उतरवून घेते, फक्त आवाज. व्याख्यान झालं एक तास वीस मिनिटं. प्लेअर मात्र दाखवतोय 6 तास 45 मिनिटं 47 सेकंद.

"अगं, इतका वेळ बोलले ते?"
"नाही हो काका, फाइल थापा मारतेय."

(दृश्य: स्क्रीनवर तोच आकडा, जवळून.)

हा आकडा ओळखून ठेवावा, पुन्हा भेटतो. वेव्ह म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल. तिच्या आरंभी हेडर, म्हणजे फाइलची माहिती देणारा छोटा भाग असतो, साधारण 44 बाइटचा. पुढे आवाजाचा डेटा किती आहे, हे त्यातल्या चार बाइटमध्ये लिहायचं. पण लाइव्ह सुरू होताना वक्ता किती बोलणार, हे अध्यक्षांनाही ठाऊक नसतं! आवाज उतरवणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामचं आउटपुट पाइपमधून, म्हणजे फाइलीत न लिहिता थेट, दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल, तर मागे वळून आकडा दुरुस्त करता येत नाही. मग चार बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा तिथे तसाच राहतो: 4,29,49,67,295. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला 1,76,400 बाइट घेतो. भागून बघा, पावणेसात तासच येतात.

म्हणून ही कार्यकर्ती आता थेट डिस्कवरच्या फाइलीत उतरवते आणि थांबवताना खिडकी बंद न करता 'क्यू' दाबते. तेव्हा प्रोग्राम मागे जाऊन खरी लांबी लिहितो. आधीच बिघडलेली फाइल एफएफएमपेगच्या 'कॉपी' पर्यायाने नव्या नावाने लिहून घेतली की काम होतं, आवाजाला धक्का लागत नाही.

एमपीथ्रीची तऱ्हा वेगळी. बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारा डेटा, बदलता असेल आणि लांबीची नोंद करणारी सुरुवातीची फ्रेम (फाइलचा छोटा तुकडा) नसेल, तर प्लेअर पहिल्या काही फ्रेमवरून अंदाज बांधतो. कार्यक्रमाआधीच्या शांततेला बिटरेट कमी लागतो. साहजिकच अख्ख्या फाइलची लांबी फुगते. मग प्रश्नोत्तरांवर जावं म्हणून पट्टी सरकवली, तर भलतंच वाक्य ऐकू येतं.

(दृश्य: वहीत वेळा लिहिणारा हात.)

ही वही मला त्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाची वाटते. सुरू झाल्याची, संपल्याची घड्याळातली वेळ. फाइल 84,67,20,000 बाइटच्या आसपास असेल तर 80 मिनिटं पूर्ण आली. 78 मिनिटांचीच भरली, तर मध्ये नेट गेलं होतं आणि ती दोन मिनिटं गेली ती गेलीच. हेडरमध्ये 80 लिहून ती परत येत नाहीत.

अखंड हरिनाम सप्ताहासारखं दिवसरात्रीचं लाइव्ह असेल तर आणखी एक अडचण: साध्या वेव्हची मर्यादाच 4 जीबी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ घेतलं तर चार तास आठ मिनिटांत ती संपते. आरएफ64 या वेव्हच्याच मोठ्या फाइलींसाठीच्या प्रकारात ही मर्यादा नाही. पण आपली कार्यकर्ती दर तासाला नवी फाइल सुरू करते. पहाटे तीनला वीज गेली, तरी हेडर बिघडतं ते चालू तासाचंच.