आगमनकाळाचा पहिला रविवार

नमस्कार श्रोतेहो.

येत्या रविवारी इंदूरच्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये डोकावलात, तर फादरांच्या अंगावर जांभळी वस्त्रं दिसतील. वेदीजवळ हिरव्या पानांचं चक्र असेल आणि त्यातल्या चार मेणबत्त्यांपैकी एकच पेटलेली असेल. आमचं नवं उपासना वर्ष त्या दिवशी सुरू होतं. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेयाचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला, म्हणून तो कधी २७ नोव्हेंबरलाच येतो, तर कधी ३ डिसेंबरपर्यंत लांबतो. तिथून नाताळपर्यंत चार रविवार.

आमच्या घरी प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, हिंदीत. इथल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत असंच चालतं. रविवारी मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, कधी मांडायचा, हा मुलांचा पहिला प्रश्न. त्यांना थांबवणं जिवावर येतं, पण थांबवावं लागतं. राजवाड्याच्या बाजारात चांदण्या आणि सांताच्या टोप्या नोव्हेंबरातच येतात आणि कॅरलच्या, म्हणजे नाताळगीतांच्या, तालमीही सुरू झालेल्या असतात. चर्चमध्ये मात्र या रविवारांना गौरवगीत गायचं नसतं. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी गायलेले शब्द त्या गीताच्या सुरुवातीला आहेत. ते नाताळच्या रात्री पुन्हा गाभाऱ्यात घुमतात, तेव्हा चार आठवडे गप्प राहिलेल्या माणसाला त्यांची गोडी कळते.

पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातून होणाऱ्या वाचनात, बाळ नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. तिथे प्रौढ येशू शिष्यांना शेवटच्या काळाबद्दल सांगतो आहे: जागे राहा, तुमचा प्रभू केव्हा येईल ते तुम्हाला ठाऊक नाही. सणाच्या तोंडावर हे कसलं वाचन, असं मोठ्या माणसांनाही वाटतं. मला ते अगदी जागेवर वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलेल्या बाळाचं कौतुक करणं सोपं आहे. पुन्हा येणाऱ्या प्रभूसमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार, हे विचारणं अवघड. आगमनकाळ अवघड प्रश्न आधी विचारतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. यशया संदेष्ट्याने सांगितलेली प्रभूची वाट तयार करायला तो बजावतो: दऱ्या भरून काढा, डोंगर खाली आणा.

आपल्या माळव्यात हे डोंगर कुठे शोधायचे? मला एक ठिकाण आठवतं. देवास जिल्ह्यातलं उदयनगर. केरळातल्या पुल्लुवळीच्या धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया तिथे आदिवासी आणि भूमिहीन मजुरांमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या पाशातून सुटायला लोकांना त्या मदत करत, हक्क समजावून सांगत. ज्यांना हे खुपत होतं, त्यांनी माणूस घातला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले, आणि बाहेर ओढून त्यांना संपवलं गेलं. वय अवघं ४१.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. त्यांची सख्खी धाकटी बहीणही सिस्टरच. २००२ साली तिने तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी क्षमा मागायला गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. लेकीचा जीव घेणारे हात! विचार करा, १९९५ ते २००२. राखीपर्यंत सात वर्षं गेली. त्या वर्षांत त्या घरात काय काय झालं असेल, किती रात्री प्रार्थना तोंडातून फुटली नसेल, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. पण डोंगर खाली आणणं म्हणजे काय, हे मला त्या घराकडे पाहून कळतं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. त्यांचा स्मृतिदिन फेब्रुवारीत येतो, तरी आगमनकाळाच्या वर्गात मी मुलांना त्यांची गोष्ट सांगतेच.

घरची तयारी काय, ती आपोआप होते. करंज्या, शंकरपाळे, साफसफाई. काही घरांत वाटीत गहू पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवळ होते. त्या वेळी आपल्या शेतांतही गहू कोवळा असतो, त्यामुळे मला ही रीत फार आवडते. गोठा मांडण्याची परंपरा लोकांत रुजवली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण उभी करून नाताळची मिस्सा करवली. आपल्या इंदूरचं कॅथेड्रलही त्याच संताच्या नावाचं आहे.

तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्रं येतात, कारण अर्धी वाट सरलेली असते. चौथ्या रविवारी शेवटी मरिया आणि योसेफ समोर येतात. या आठवड्यांत पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करण्यासाठी, रांगा लागतात. आमच्या लोकांना माझी एवढीच विनंती आहे की ती रांग २४ तारखेवर ढकलू नका. आणि रांगेत उभं राहण्याआधी, ज्या भावाशी किंवा जावेशी बोलणं बंद आहे, त्यांच्या दारात एकदा जाऊन या. फराळाचा डबा नंतर नेला तरी चालेल.

नमस्कार.