पायथॉनची आवृत्ती बदलल्यावर मॉड्यूल का चालत नाही

मित्रहो, आजचा विषय मुद्दाम अगदी नेमका ठेवला आहे. पायथॉनची नवी आवृत्ती टाकली, कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्रॅम चालवला आणि पहिल्याच इम्पोर्टला एरर आली. अशा वेळी बहुतेक जण एररची शेवटची ओळ सर्च करतात, समोर येईल ती कमांड चालवतात, ती चालली नाही तर दुसरी. थोड्या वेळाने मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं. माझा आग्रह एवढाच आहे की आधी एरर नीट वाचा. या एरर मोजक्याच प्रकारच्या असतात, आणि आत काय चाललंय हे माहीत असेल तर त्यातली प्रत्येक आपलं कारण सांगून जाते.

निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या फायलींना हा त्रास नसतो. त्यांचा बाइटकोड (इंटरप्रिटरला, म्हणजे पायथॉन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळणारं रूप) जुन्या आवृत्तीचा निघाला तर इंटरप्रिटर स्वतःच नवा तयार करून घेतो. नमपाय, पांडाज, एलएक्सएमएल यांचं तसं नाही. त्यांचा गाभा सी किंवा सायथॉनमध्ये (पायथॉनसारखी, पण सी कोडमध्ये रूपांतर होणारी भाषा) लिहून आधीच कंपाइल केलेला असतो. लिनक्सवर ती डॉट एसओ फाइल, विंडोजवर डॉट पीवायडी. ती बांधली जाताना पायथॉनच्या आतल्या रचनांची मापं तिच्यात कायमची बसतात.

ही मापं तुम्हाला घरी पाहता येतील. ६४ बिटच्या मशीनवर पायथॉन ३.११ मध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा आकार सिस मॉड्यूलच्या गेटसाइझऑफने विचारा. उत्तर येतं ४९ बाइट. ३.१२ मध्ये विचारा, ४१ येतं. स्ट्रिंगच्या रचनेत एक जुना पॉइंटर होता, त्याचं काम संपलेलं होतं, म्हणून ३.१२ ने तो काढला. प्रत्येक स्ट्रिंगमागे आठ बाइट वाचले. निर्णय अगदी योग्य. पण ३.११ साठी बांधलेल्या मॉड्यूलच्या हिशेबाने अक्षरं ४८ बाइटनंतर सुरू होतात (४९ मधला उरलेला एक बाइट स्ट्रिंगचा शेवट दाखवणारा) आणि आता ती ४० नंतरच सुरू झालेली असतात. असं मॉड्यूल कसंबसं लोड झालंच, तर अकरा अक्षरांचा रोमन शब्द ते नवव्या अक्षरापासून वाचायला लागेल आणि शब्द संपल्यावरही पुढे दुसऱ्याच मेमरीत वाचत जाईल. प्रोग्रॅम कोसळला तर नशीब. न कोसळता चुकीचं उत्तर देत राहिला, तर ते कितीतरी वाईट.

असं होऊ नये म्हणून २०११ मध्ये आलेल्या ३.२ पासून फाइलच्या नावातच आवृत्ती लिहिली जाते. 'सीपायथॉन-३११' असा तुकडा नावात असला, की ३.१२ चा इंटरप्रिटर ती फाइल जमेतच धरत नाही. म्हणून एरर येते 'असं मॉड्यूल नाही', आणि फोल्डर उघडावं तर फाइल डोळ्यांसमोर! इथे वैतागून लोक फाइलचं नाव बदलतात, आवृत्तीचा तुकडा काढून टाकतात. कृपया हे करू नका. नाव बदललं म्हणून आतली मापं बदलत नाहीत, फक्त तुमच्या रक्षणासाठी ठेवलेली तपासणी निघून जाते.

उबुंटूवर याचा फटका फार जोरात बसतो. सिस्टिमची 'पायथॉन३' ही लिंक कुणीतरी नव्या आवृत्तीकडे वळवतं आणि लगेच सॉफ्टवेअर बसवण्याची साधनं 'एपीटी-पीकेजी मॉड्यूल नाही' म्हणून अडतात. ते मॉड्यूल डिस्ट्रिब्युशनने आपल्या पायथॉनसाठी बांधलेलं असतं, तुमच्या नव्या पायथॉनसाठी नाही. उपाय साधा आहे: लिंक होती तशी करा, सिस्टिमचा पायथॉन सिस्टिमला राहू द्या, आणि नवी आवृत्ती स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आपली पॅकेजेस वेगळी ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये, वापरा.

जुनी एन्व्हायर्नमेंट मात्र दुरुस्त करत बसू नका. साइट-पॅकेजेस फोल्डर (बसवलेली पॅकेजेस असतात तो) कॉपी करून नव्यात टाकण्याचा मोह तर अजिबात नको. नवी तयार करा, पॅकेजेस पुन्हा बसवा, आणि पिप (पॅकेजेस बसवणारं साधन) नेहमी 'पायथॉन -एम पिप' असा चालवा, म्हणजे ज्या पायथॉनसाठी हवं त्याच्यातच पॅकेज जाईल. यासाठी आपल्याला खरोखर काय लागतं याची हाताने लिहिलेली यादी हवी. पिप फ्रीझने काढलेल्या यादीत प्रत्येक पॅकेजची जुनीच आवृत्ती अडकवलेली असते. नव्या पायथॉनसाठी तिचं तयार व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली पॅकेज फाइल, नसेल, तर पिप ती सोर्सपासून बांधायला घेतो.

आणि मग बांधणीतल्या एरर सुरू होतात. 'पायथॉन डॉट एच' सापडत नसेल तर हेडर फायली (सी कोड कंपाइल करायला लागणाऱ्या) बसवलेल्या नाहीत. डेबियन-उबुंटूवर त्यांचं पॅकेज 'डेव्ह' नावाचं, फेडोरावर 'डेव्हल'. 'लाँगइंटरेप्र डॉट एच' नाही म्हणत असेल तर पॅकेजमधला सी कोड जुन्या सायथॉनने तयार केलेला आहे, कारण ३.११ मध्ये ती फाइल जागेवरून हलली. ती शोधून परत जुन्या जागी आणून ठेवू नका, पॅकेजची नवी आवृत्ती घ्या. 'डिस्टयूटिल्स' नाही अशी तक्रार असेल तर तुम्ही ३.१२ वर किंवा त्यापुढे आहात. तिथे ते काढून टाकलंय.

पायथॉन तोच राहूनही हे सगळं घडू शकतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं, आणि नमपाय १ वर बांधलेली मॉड्यूल्स त्याच्यावर चालेनात. 'डीटाइपचा आकार बदलला, अपेक्षित ९६, मिळाले ८८' ही एरर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ते पुन्हा आपलं मापच. ९६ हा नमपाय १ चा आकार आहे, म्हणजे इथे मॉड्यूल जुन्यावर बांधलेलं आणि चालवायला घेतलं नव्यावर. एररमधले दोन आकडे वाचले की कुठली बाजू जुनी आहे ते लगेच कळतं. अशा वेळी पॅकेज पुन्हा बसवताना पिपला कॅश (आधीच्या फायलींचा साठा) वापरू नको असं सांगा. तुमच्याच मशीनवर बांधलेलं व्हील पायथॉनच्या आवृत्तीप्रमाणे साठवलेलं असतं, नमपायच्या नाही. त्यामुळे तेच नादुरुस्त व्हील पुन्हा हातात येतं.

दर वर्षी हे नको असेल तर एक वाट आहे: 'एबीआय३', म्हणजे पायथॉनने टिकवून ठेवण्याचं वचन दिलेला मर्यादित भाग. तेवढाच वापरला तर एकदा बांधलेलं व्हील पुढच्या आवृत्त्यांवरही चालतं. क्रिप्टोग्राफी हे पॅकेज असंच मिळतं. बदल्यात वेगाचे काही मार्ग सोडावे लागतात, आणि ३.१३ च्या जीआयएलविना (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणाऱ्या कुलपाविना) बांधणीत ही सोय नाही.

शेवटी, इथे ज्यांनी स्वतःचं मॉड्यूल प्रकाशित केलंय त्यांना विनंती. पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते, पण पहिला रिलीज कँडिडेट (जवळजवळ अंतिम अशी चाचणी आवृत्ती) त्याच्या साधारण दोन महिने आधी येतो आणि आतली मापं तिथेच पक्की होतात. तुमची व्हील्स तेव्हाच बांधून अपलोड करा. तुमचं मॉड्यूल वापरणाऱ्या विद्यार्थ्याकडे कंपायलर असेलच असं नाही.