दहा बाय बाराच्या खोलीतील ध्वनिमुद्रण

श्रोतेहो, नमस्कार.

१९०२ सालच्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात गाणी मुद्रित करण्यासाठी आले, तेव्हा त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता. हॉटेलच्या खोलीतच त्यांनी आपले यंत्र मांडले आणि गायिका गौहर जान यांना कर्ण्यासमोर गायला लावले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या तबकड्यांच्या शेवटी बाई स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात, ते आजही ऐकायला मिळते. आपल्या देशातील आरंभीचे ध्वनिमुद्रण असे परक्या खोलीत, आहे त्या सोयीत झाले, ही गोष्ट मला फार दिलासा देते, कारण गेली काही वर्षे मीही पुण्यातील एका जुन्या इमारतीत, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, गाणी मुद्रित करतो आहे. या खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट आणि एक टेबल आहे, आणि दुपारी वरच्या मजल्यावर मिक्सर चालू असतो.

अशा कामाला कोणता मायक्रोफोन घ्यावा, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न खोलीचा. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर पत्र्यावर खडे पडल्यासारखा बारीक थरथराट ऐकू आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत असे समजावे. हा थरथराट गाण्यात एकदा उतरला की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो स्वच्छ निघत नाही. त्यावर उपाय म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची प्रथा आपल्याकडे दीर्घकाळ आहे. मीही एक अख्खी भिंत त्यांनी भरली होती. त्यांचा उपयोग नगण्य होतो, झुरळांची मात्र सोय होते. त्यापेक्षा दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या आणि कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादी कितीतरी अधिक काम करतात. गोधडी भिंतीला चिकटून न टांगता चार-सहा इंच पुढे टांगावी, म्हणजे तिचा परिणाम वाढतो.

खर्जाचे दुखणे मात्र गोधडीने बरे होत नाही. दोन भिंतींमध्ये दहा फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपने, आणि त्याच्या पटीतील स्वर त्या खोलीत आपोआप फुगतात. काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र (खालच्या सप्तकातला) कोमल धैवत ११० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या पटीवर. एका गायकाचा तो धैवत प्रत्येक वेळी का दणकतो, हे मला अनेक महिने कळत नव्हते आणि मी उगाच त्यांच्या गळ्याला दोष देत होतो. त्यांना दोन फूट सरकवून बसवल्यावर धैवत जागेवर आला. गायकाने खोलीच्या मध्यबिंदूवर किंवा कोपऱ्यात बसू नये, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसावे आणि तिथूनही चटई इकडेतिकडे सरकवून कानाने ठरवावे. या उपायाला एक पैसाही लागत नाही, आणि बहुधा त्यामुळेच तो कोणी करत नाही.

आता मायक्रोफोन. मी सुरुवातीला कर्ज काढून एक संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोन आणला. त्याला ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणातून, ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि तो इतके बारीक ऐकतो की शेजारच्या घरातील कुकरच्या शिट्ट्याही मोजून घ्याव्यात. शांत आणि नीट बांधलेल्या खोलीत हा गुण आहे, माझ्या खोलीत ते संकट होते. शेवटी मी साध्या, कमी संवेदनशील डायनॅमिक मायक्रोफोनकडे वळलो. श्युअर कंपनीचा एसएम ५८ हा त्या जातीचा मायक्रोफोन १९६६ पासून जगभरच्या मंचांवर आहे. तो समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे बरेचसे टाळतो. गायक स्वतः पेटी वाजवत गाणार असेल, तर या मायक्रोफोनची पाठ पेटीकडे आणि तोंड गळ्याकडे ठेवावे. पेटी त्यात येतेच, पण गाण्याच्या मागे, जिथे ती असायला हवी तिथे येते. भात्याचा सुस्कारा आणि पट्ट्यांची खडखड कमी करायची असेल, तर पेटीखाली घडी केलेली सतरंजी घालावी.

मराठी गाण्याला एक खास अडचण आहे. आपली भाषा महाप्राण, म्हणजे हवेच्या जोराने उच्चारल्या जाणाऱ्या, वर्णांची आहे. ‘भक्ती’, ‘फुलले’, ‘खेळ’ असे शब्द आले की तोंडातून हवेचा झोत निघतो आणि मायक्रोफोनवर धप्प असा आवाज येतो. भरतकामाच्या लाकडी रिंगवर ताणून बसवलेला पातळ मोजा हा त्यावरील स्वस्त आणि उत्तम पडदा आहे. तो ओठांपासून चार बोटांवर ठेवावा आणि मायक्रोफोन ओठांसमोर न धरता नाकाच्या उंचीवर, थोडा तिरका ठेवावा. दुसरी अडचण दंत्य ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांची. ‘चांदणे’, ‘जाई’, ‘माझा’ या शब्दांतील टोकदार सळसळ हेडफोनमध्ये कानाला टोचते. ती सॉफ्टवेअरने सरसकट दाबली, तर ‘चांदणे’तला च बोबडा होतो, म्हणून मी तेवढेच वर्ण शोधून हाताने खाली आणतो. काम कंटाळवाणे आहे, एका अभंगाला तास सहज जातो.

हेडफोनमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून गाताना आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो, ही तक्रार नवखे लोक नेहमी करतात. संगणक आवाजाचे तुकडे गोळा करून मग पुढे पाठवतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एकट्या त्या टप्प्यावर २१ मिलिसेकंद जातात, म्हणजे आपणच सात मीटरवरून, गल्लीच्या पलीकडून, गात आहोत असे वाटते. बफर लहान करावा, किंवा इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे, म्हणजे आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये देणारे, बटण असेल तर ते दाबावे. शास्त्रीय गाणाऱ्यांना दोन्ही कान झाकलेले चालत नाहीत, स्वर हलतो. त्यांचा एक कान उघडा ठेवावा.

तबल्याबद्दल थोडेच सांगतो. मायक्रोफोन एकच असेल, तर तो तबला आणि डग्गा यांच्या मध्ये, दीड-दोन फूट उंचावर ठेवावा आणि तोल वादकाच्या हातावर सोपवावा. पावसाळ्यात पुडी ढिली पडून स्वर उतरतो, म्हणून प्रत्येक गाण्याआधी हातोडी हवीच. पातळी ठेवताना हात आखडता घ्यावा: २४ बिटमध्ये मुद्रण करताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे फाटण्याच्या मर्यादेच्या बराच खाली, राहिला तरी काही बिघडत नाही, आणि सम जोरात आली म्हणून चांगला तुकडा फाटत नाही. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची घाई नको. ऑडॅसिटी ही ध्वनिमुद्रणाची संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते आणि माझी पहिली दोन वर्षे तिच्यावरच निभावली.

सर्वांत महाग वस्तू शांतता आहे आणि ती दुकानात मिळत नाही. माझे काम पहाटे चार ते साडेपाच या वेळात चालते, दूधवाल्याच्या सायकलीपूर्वी. पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉप चार्जरवरून काढलेला, कारण त्या चार्जरमुळे माझ्याकडे ५० हर्ट्झची गुणगुण येते. मे महिन्यात गायकाच्या शेजारी टॉवेल ठेवावा लागतो. गाणे संपल्यावर दहा सेकंद कोणी हलू नये, अशी माझी विनंती असते. त्या रिकाम्या दहा सेकंदांतून खोलीचा मूळ आवाज सॉफ्टवेअरला शिकवता येतो आणि मग तेवढाच वजा करता येतो. शेजारच्या काकू माझ्याकडे अभंग म्हणतात. त्यांना हे दहा वेळा समजावून झाले आहे. तरीही त्यांच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात शेवटच्या स्वरानंतर सहाव्या-सातव्या सेकंदाला, अगदी हळू आवाजात, एक प्रश्न ऐकू येतो: “झालं का रे?”