मनोऱ्यातल्या चार ओळी

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात ॲशवेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा मात्र तब्बल १७६ फूट उंच. हे पॅरिश चर्च, म्हणजे गावाचं आपलं चर्च. बाप्तिस्मा, लग्न, माती, सगळं तिथेच व्हायचं.

बांधकामाचा दगड खडूसारखा मऊ. ऊनपावसात झिजणारा, तसा कच्चाच. पण मऊ म्हणूनच त्यावर टोकदार वस्तूने लिहिता येतं. मनोऱ्यात आतल्या बाजूला, उत्तरेच्या भिंतीवर कोणीतरी असंच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय.

१३४८ साली प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. माझ्या पणजीच्या तोंडी ज्याचं नाव ‘पलेग’ होतं, तोच हा रोग. दोनएक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. ॲशवेलच्या भिंतीवर साथ सुरू झाल्याचं साल येतं ते ‘पन्नासाला एक कमी’ असं, म्हणजे १३४९. पुढचं साल हजार, तीनदा शंभर, पाच वेळा दहा. आपल्या पोथ्यांत शके शब्दांत गुंफतात, तीच रीत. आणि त्या सालाला लागूनच येतात हे शब्द: दीनवाणं, रानटी, हिंसक. साक्षीला उरलीत ती फक्त हलक्यातली हलकी माणसं.

मला हे शेवटचं वाक्य फार लागतं. लिहिणारा स्वतःही त्या उरलेल्यांतलाच ना! लॅटिन येत होतं, म्हणजे बहुधा चर्चशी संबंधित कोणी असावा. नाव त्याने लिहिलेलं नाही.

पुढे वादळाची नोंद आहे. सेंट मॉरच्या दिवशी सोसाट्याचा वारा जगभर गरजला, साल १३६१. आपल्या हिशेबाने ती १५ जानेवारी १३६२, कारण तेव्हा तिथलं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्याच वादळात नॉरिचच्या कॅथीड्रलचा कळस कोसळला. ॲशवेलचा मनोरा त्या काळात उभा राहत होता. माणसं मेली, वारा सुटला, तरी गावाने दगडावर दगड चढवणं सोडलं नाही.

त्याच भिंतीवर एका मोठ्या चर्चचं चित्रही कोरलेलं आहे. ते लंडनचं जुनं सेंट पॉल्स असावं असं मानतात. ते चर्च १६६६ च्या आगीत जळालं. ॲशवेलला गेलात तर दिवा भिंतीला तिरका धरून पाहा, रेघा उठून दिसतात.

नमस्कार.