चौथी-पाचवीतली चिमूट

श्रोतेहो, नमस्कार. विद्यार्थ्यांचं व्यसन म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कॉलेजचं कॅन्टीन, नाहीतर होस्टेलची खोली. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात मात्र आपल्या देशातल्या 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के तंबाखू घेणारी निघाली. तोंडात धरायची तंबाखू ज्यांनी कधी घेतली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची पहिली चिमूट दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतली होती. म्हणजे चौथी-पाचवीतली. आपण व्याख्यान ठेवतो नववीच्या वर्गात!

याच सर्वेक्षणात मुलगे 9.6 टक्के आणि मुली 7.4. मुलींचा आकडा वाचून ज्यांना नवल वाटतं, त्यांनी आपल्याकडच्या चुलीपाशी बघावं. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, की झाली मिशरी. आजी लावते, आई लावते, आणि पोरीची दाढ ठणकली की तिलाही बोटभर मिळते. याला घरात कुणी व्यसन म्हणत नाही. ‘दात घासते’ म्हणतात. त्यामुळे शाळेत ‘तंबाखू खातेस का?’ असं विचारलं की ती ‘नाही’ लिहिते, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं.

तेव्हा शिक्षकांनो, पाहणी करायची तर एकेक नाव घेऊन विचारा: गेल्या 30 दिवसांत एकदा तरी मिशरी, मळलेली तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा, विडी? कागदावर नाव नको, हजेरी क्रमांकही नको. वर्गशिक्षक बाकांमधून फेऱ्या मारू लागले की उत्तरं छान येतात, खरी येत नाहीत. शिवाय आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर त्या दिवशी वर्गात नसतंच. हाती आलेला आकडा कमीतकमी समजा.

शहरातल्या गरीब वस्तीत आणखी एक गोष्ट आढळते, व्हाइटनर किंवा थिनर हुंगणं. स्वस्त, सहज मिळणारं, तोंडाला दारूसारखा वास न येणारं. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत हुंगण्याचं प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के होतं, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17. गरिबी, खिशातला पैसा, मित्र, घरातलं माणूस ही जोखमीची कारणं झाली. बाप खातो म्हणून पोर खाणारच, असं नाही.

पण ‘जा रे, पुडी घेऊन ये’ हे काय आहे? 2003 च्या तंबाखू कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला पुडी विकता येत नाही, मग ती बापासाठी का असेना. शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, कुणालाच विकता येत नाही. इथे मोजणीत घोळ होतो. टपरीवाला फाटकापासून रस्त्याने, वळणावळणाने मोजतो. नियमात अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत धरायचं आहे. दंड 200 रुपयांपर्यंत, त्याला कोण भितो! बालन्याय कायद्याचं कलम 77 मात्र वेगळं. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार लिहिताना ते कलम जरूर घाला.

आणि दप्तरात पुडी सापडली, तर ती वर्गासमोर उलटी करून दाखवू नका. अशी अपमानित झालेली पोरं शाळाच सोडतात. बाजूला घेऊन बोला. सोडायला मदत हवी असेल तर 1800 11 2356 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या मोठ्यांनाही तोच चालतो.