पान 43 वरचे पुसलेले नाव

(दृश्य : दुपारची वेळ. वाचनालयाची देवघेव खिडकी. टेबलावर एक जाड, हाताळून मऊ झालेले पुस्तक.)

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे रस्ते दुपारी ओस पडतात आणि वाचनालयातील पंख्याखालची बाके भरतात. शहरातील अशाच एका जुन्या वाचनालयात सतत फिरतीवर असलेल्या एका कादंबरीविषयी हे निवेदन आहे. तिचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण ज्या वाचकांशी आम्ही बोललो त्यांतील बहुतेकांनी पहिली अट हीच घातली की खुनी कोण, हे बाहेर फुटता कामा नये.

कथानक थोडक्यात असे. कोकणातील एका बंगल्यात कारखान्याच्या मालकाचा खून होतो. त्याच्या हिशेबाच्या वह्या तपासायला आलेली तरुणी त्याच्या धाकट्या भावाच्या प्रेमात पडते आणि पान 112 वर, त्याच भावाच्या कपाटात, तिला मृताचे बंद पडलेले मनगटी घड्याळ सापडते. ती ते घड्याळ होते तिथे ठेवून देते आणि पुढची तीन प्रकरणे त्याविषयी अवाक्षर काढत नाही. सोलापुरातील वाचकांचे सारे भांडण या तीन प्रकरणांवरून आहे.

निवृत्त शिक्षक असलेल्या एका सभासदांना हे मौन मुळीच मान्य नाही. त्यांची पिढी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतील झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे या सरांच्या तोंडी आजही घरच्या माणसांसारखी येतात. काळापहाडाच्या मागे पोलीस लागले, तरी वाचक त्याच्याच बाजूने असे. नायकावर संशय घ्यायचा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते, असे ते म्हणतात. नव्या कादंबरीत मात्र ज्याच्यावर जीव जडला त्याच्यावरच संशय घेत बसावे लागते, आणि एवढे करून शेवट लेखकाने ओढूनताणून फिरवला आहे, ही त्यांची तक्रार आहे. खुनी आपण पन्नास पानांच्या आत ओळखला होता, असेही त्यांनी दोनदा सांगितले.

(दृश्य : यंत्रमागाचा कारखाना. मागांचा खडखडाट. टॉवेलचे कापड पुढे सरकते आहे.)

अक्कलकोट रस्त्याकडच्या एका कारखान्यात माग चालवणाऱ्या वाचकाचा आक्षेप अधिक नेमका आहे, आणि तो त्याने कामाच्याच भाषेत मांडला. साध्या यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर माग आपोआप थांबतो आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि कामगाराचे लक्ष नसले, तर माग चालूच राहतो आणि कापडात लांबच लांब रेघ पडत जाते. त्याच्या मते घड्याळाच्या प्रसंगी लेखकाचा ताणा तुटला आहे, कारण नायिका गप्प का राहिली याचे कारण तिथे दिलेले नाही आणि ती रेघ पुढे शेवटच्या पानापर्यंत दिसत राहते.

फौजदारी वकिली करणाऱ्या एका वाचक महिलेला प्रेमापेक्षा तपासात अधिक रस आहे. कादंबरीतील निरीक्षक मध्यरात्री एकटाच येऊन नायिकेला अटक करतो, हे वाचून त्यांनी पुस्तक मिटले होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही, अपवादात्मक परिस्थितीत करायचीच झाली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यायची, ही तरतूद 2005 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हा नियम तर 1872 च्या पुरावा कायद्यापासूनचा आहे. तरीही एका जागी त्यांनी लेखकाची बाजू घेतली. आरोपीने सांगितल्यावरून विहिरीतून हत्यार निघते, आणि ज्या माहितीमुळे अशी वस्तू सापडते तेवढा भाग न्यायालयात चालतो. हे लेखकाला माहीत असावे किंवा त्याचे नशीब चांगले असावे.

महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघींनी नायकाबद्दल एवढेच सांगितले की तो नायिकेचा मोबाइल न विचारता तपासतो, त्यामुळे खून त्याने केला असो वा नसो, लग्न मोडणेच बरे.

(दृश्य : घराचा उंबरठा. सुपात तेंदूची पाने, तंबाखू, कात्री. विड्या वळणारे हात.)

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटलेले मत ज्यांनी कादंबरी डोळ्यांनी वाचलेलीच नाही, त्यांचे आहे. पूर्व भागातील या अक्का घरी विड्या वळतात. घरात तेलुगू बोलली जाते. मराठी त्यांना नीट समजते, पण वाचता येत नाही. संध्याकाळी मुलगी मोठ्याने वाचते आणि अक्कांचे हात चालू राहतात. घड्याळाचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी हातातली विडी दोऱ्याने बांधून सुपात ठेवली आणि मुलीला विचारले, ही पोरगी राहते कुठे? मुलीने पाने उलटून शोधले. पान 30 वर एक ओझरते वाक्य होते : नायिकेला बंगल्याच्या मागची खोली राहायला दिलेली आहे. मग ती बोलेल कशी, अक्का म्हणाल्या. त्याचे नाव घेतले तर रात्री सामान घेऊन कुठे जाईल?

माग चालवणाऱ्या वाचकाला आम्ही हे सांगितले, तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. धागा तुटलेला नव्हता, फार बारीक होता, एवढे त्याने मान्य केले.

(दृश्य : पुन्हा वाचनालय. ग्रंथपाल पुस्तक उघडतात.)

या प्रतीची बांधणी दोनदा झाली आहे आणि तारखांची चिठ्ठी भरल्यामुळे तिच्यावर दुसरी चिकटवली आहे. पान 43 च्या समासात कोणीतरी पेन्सिलीने बाण काढून एक नाव लिहिले होते आणि शेजारी ‘खुनी’ असा शेरा मारला होता. ग्रंथपालांनी ते खोडरबराने पुसले, पण जोर अधिक झाल्याने तिथला कागद झिजला आहे. पुस्तक घेऊन गेलेले सभासद ते पान खिडकीशी उजेडात धरून पाहतात, हे त्यांनी अनेकदा पाहिले आहे. निवृत्त सरही त्या खिडकीशी उभे होते.

नवी प्रत मागवणार का, असे आम्ही विचारले. ग्रंथपालांनी पुस्तक मिटले आणि सांगितले, ‘गरज नाही. ते नाव चुकीचे आहे.’