नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(दृश्य: दादर स्थानक, संध्याकाळचे सात. उद्घोषणा, गाड्यांचा खडखडाट, गर्दी. समोरासमोरच्या दोन फलाटांवर दोन तरुणी, हातांच्या खुणांनी बोलणाऱ्या.)

या वेळेला दादरला शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. पण या दोघी बघा. एक या फलाटावर, दुसरी त्या. मधे रूळ. गप्पा मात्र घरच्या ओट्यावर बसल्यासारख्या चालल्यात. गाडी आली की खंड पडतो. गाडी गेली की जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू.

बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मुक्या आहेत वाटतं."

अख्ख्या फलाटावर त्या वेळी सुखानं बोलू शकत होत्या, त्या या दोघीच.

(दृश्य: जुनी चाळ, तळमजल्यावर शिलाई मशीन.)

आमच्या चाळीखाली एक शिंपी होते. दुकानाला पाटी होती, पाटीवर त्यांचं नाव होतं. पण आई म्हणायची, "शर्ट मुक्याकडे टाकलाय, घेऊन ये जा." शाळेच्या शिपायालाही अहो-जाहो करायला शिकवणारं आमचं घर. या एका माणसाला मात्र सरसकट "मुका" आणि "तो". त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे मान ठेवून बोलायचं कशाला, असा काहीतरी हिशेब असावा.

मराठीत बाळाचं नाव ठेवतात. त्याच शब्दावर एक अनुस्वार चढला की नावं ठेवतात. ऐकू न येणाऱ्या माणसांच्या वाट्याला आपल्या भाषेत बहुतेक वेळा दुसरंच आलं आहे. भैरा, ठार बहिरा, मुका, मुकाबहिरा. मग जरा इस्त्रीचे शब्द: मूकबधिर, कर्णबधिर, श्रवणबाधित, दिव्यांग. आता यांतला कुठला त्यांना आवडतो, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळत नाही. मात्र कुठला खुपतो, याचं उत्तर जवळजवळ एकमुखी मिळतं.

मूक.

(दृश्य: ध्वनिरोधक खोलीत श्रवणचाचणी. पडद्यावर आलेखाची उतरती रेघ.)

बहिरेपण मोजता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर माणूस "बधिर", ६० ते ७० असेल तर "ऐकू कमी येणारा". ती कानाची नोंद झाली. चष्म्याच्या नंबरासारखी.

मुकेपण कुठे मोजणार? जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा गळा, जीभ, स्वरतंतू तुमच्या-माझ्यासारखेच असतात. मूल बोलायला शिकतं ते ऐकून. ऐकलंच नाही तर बोलणं येणार कुठून? आणि त्याच मुलाला डोळ्यांनी दिसेल अशी भाषा लवकर मिळाली, तर ते हातांनी बडबडू लागतं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती हातांवर चालते, तशीच भुवयांवर, खांद्यांवर आणि नजरेवर. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले होते. दहा हजार शब्दांच्या मालकाला मुका म्हणणं हे सौम्य भाषेत सांगायचं तर चुकीचं आहे.

म्हणून "बहिरा" शब्द खरखरीत असला तरी अनेकांना तो पचतो. तो कानाविषयी खरं सांगतो. "मुका" माणसाविषयी खोटं सांगतो.

(दृश्य: न्यायालयाची इमारत. जुन्या कायद्याचं पिवळं पान.)

आणि हे खोटं स्वस्तात पडलेलं नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारशातून वगळायच्या माणसांची यादी आहे. जन्मांध आहेत, बहिरे आहेत, मुके आहेत. ही तरतूद नुसती पोथीत राहिली नाही. इंग्रजांच्या न्यायालयांत हिंदू कायदा म्हणून ती चालत होती, आणि ती काढायला १९२८ साली वेगळा कायदा करावा लागला. तोवर शब्द चिकटला की जमीन गेली, इतकं सरळ गणित होतं.

१८७२ च्या पुरावा कायद्यात मात्र एक गंमत होती. कलम ११९ चं शीर्षक "मुके साक्षीदार". खालच्या मजकुरात मात्र अशा साक्षीदारानं भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्ष मानावी, असं म्हटलं होतं. म्हणजे कायदा वरच्या ओळीत माणसाला मुका म्हणत होता आणि खालच्या ओळीत त्याचं बोलणं नोंदवून घेत होता. शीर्षकातला "मुके" जायला २०१३ साल उजाडलं. एकशे एक्केचाळीस वर्षं.

(दृश्य: रेल्वेची तिकीट खिडकी. काचेखालून सरकणारा कागद.)

आता रोजच्या व्यवहाराकडे या. रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, पण नियम असा की ऐकू न येणं आणि बोलता न येणं ही दोन्ही व्यंगं पूर्णपणे, एकाच व्यक्तीत हवीत. फेब्रुवारी २०१८ पासून रेल्वेनं अर्जावरचे शब्द बदलले, "मूकबधिर"च्या जागी सभ्य शब्दरचना आली. अट तीच राहिली. म्हणजे आईनं पोटाला चिमटा काढून वाचा-उपचारांना नेलं, पोरानं वर्षानुवर्षं आरशासमोर "प" आणि "ब" घोटला, चार वाक्यं तोंडानं बोलू लागलं, की सवलतीचा प्रश्न उभा. ज्या शब्दाची चीड येते, त्याच शब्दाचा दाखला डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी मिळवायचा आणि पाकिटात जपून ठेवायचा. यावर त्यांनी चिडायचं की हसायचं, हे मी ठरवू शकलेलो नाही. माझ्यासमोर तरी बरेच जण हसले.

(दृश्य: शाळेचा जुना वर्ग. बाकांवर हात बांधून बसलेली मुलं, रेखाचित्र.)

मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात देशातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली. त्याच दशकाच्या तोंडावर, १८८० साली, इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. ठराव झाला की मुलांना तोंडानंच बोलायला शिकवावं, खुणा नकोत. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. त्याचं वारं जगभर फिरलं आणि आपल्याकडेही आलं. हात हलवला की छडी, हात पाठीमागे, हात बाकाखाली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांना या आठवणी सांगताना हात आवरून घ्यावेसे वाटतात. वर्गात ओठ वाचायचे आणि सुटी झाली की संडासाच्या मागे जाऊन पोटभर बोलायचं. मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये, व्हँकूव्हरच्या परिषदेत.

बाबासाहेबांनी १९२० साली "मूकनायक" काढलं, तेव्हा त्या नावातले मूक म्हणजे वाचा नसलेले नव्हेत. ज्यांना बोलू दिलं गेलं नाही, ते. मराठीत "मूक" हा शब्द इतक्या अचूकपणे क्वचितच वापरला गेला असेल. त्या अर्थानं घेतला तर मिलाननंतरच्या त्या वर्गांत मुलं खरंच मूक होती. जन्मानं नव्हेत. आपण केली म्हणून.

(दृश्य: वांद्रे रेक्लमेशन, संस्थेच्या इमारतीबाहेरचा रस्ता.)

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या नावावरून शब्दांची सगळी वारी दिसते. १९८३ मध्ये स्थापना झाली तेव्हा नावात "हिअरिंग हँडिकॅप्ड" होतं. आता "स्पीच अँड हिअरिंग डिसॅबिलिटीज" आहे आणि कंसात "दिव्यांगजन".

"दिव्यांग" हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये रेडिओवरून सुचवला. रेडिओवरून, हे लक्षात घ्या! महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. काही जणांना हा शब्द मनापासून आवडतो. "अपंग" ऐकून पिढ्या गेल्या, निदान कुणी बरं तरी बोललं, अशी त्यांची भावना आहे. काही जण विचारतात, माझ्या कानात दिव्य काय आहे? मला दुभाषी द्या, देवपण नको. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनंही भारताविषयीच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याचं नोंदवलं.

"श्रवणबाधित"चंही तसंच. ऐकू येणाऱ्यांना तो मऊ वाटतो. जागतिक कर्णबधिर महासंघानं मात्र १९९१ मध्येच इंग्रजीतला तसा शब्द नाकारला आणि "डेफ" व "हार्ड ऑफ हिअरिंग" हे सरळ शब्द घेतले. बाधा म्हटलं की काहीतरी बिघडलंय आणि दुरुस्त करायचंय, असा सूर लागतो. मुंबई-पुण्यातली तरुण मुलं मराठीत लिहितानाही स्वतःला बिनधास्त "डेफ" म्हणतात आणि आपल्याला "हिअरिंग". हो, आपल्यालाही लेबल आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा विचित्रच वाटलं. मी हिअरिंग आहे, असा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. साठीनंतर कान गेलेल्या आजोबांना "डेफ" म्हणालात तर ते रागावतील. त्यांना नुसतं कमी ऐकू येतं, आणि तुम्ही पुटपुटता. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या आईला "कर्णबधिर" हा शब्दही नको असतो, कारण तिची सगळी आशा त्या यंत्रात आहे.

(दृश्य: कुस्तीचा आखाडा, लाल माती.)

आणि हरियाणाचे वीरेंदर सिंह. बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे डेफलिंपिकमध्ये, सुवर्णपदकं मिळवणारे मल्ल. देश त्यांना "गूंगा पहलवान" म्हणून ओळखतो. समाजमाध्यमावर ते स्वतःही हेच नाव लावतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारली आणि लगेच पदकं घेऊन दिल्लीत हरियाणा भवनाबाहेरच्या पदपथावर बसले. मागणी "गूंगा म्हणू नका" ही नव्हती. पॅरा खेळाडूंना, म्हणजे पॅरालिंपिकमधल्या इतर दिव्यांग खेळाडूंना, जे मिळतं ते बहिऱ्या खेळाडूंनाही द्या, ही होती.

(दृश्य: पडद्याच्या कोपऱ्यातल्या सांकेतिक भाषेच्या दुभाषी काही क्षण पूर्ण पडद्यावर.)

या निवेदनाचा आवाज ज्यांच्यासाठी निरुपयोगी आहे, त्यांच्यापर्यंत हा माहितीपट या बाई पोचवत आहेत. मघाशी मी "ठार बहिरा" म्हणालो तेव्हा त्यांनी ते कसं दाखवलं, ते मागे जाऊन बघा. चेहऱ्यावर मराठीतला सगळा तुसडेपणा उतरला आहे.

कर्णबधिर समाजात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. ते घरचे ठेवत नाहीत, मित्रमंडळी ठेवतात, बहुतेकदा शाळेत. आपल्याकडे ही नावं बरीचशी दिसण्यावरून पडतात. हनुवटीवरचा तीळ. गालाची खळी. कपाळावरची खोक. कुरळे केस. सुटलेलं पोट. तोंडी मराठीत कुणी "ए पोट्या" म्हणालं तर भांडण होईल. इथे तेच नाव माणूस आयुष्यभर मिरवतो, कारण ते देणाऱ्यानं आधी त्याच्याकडे नीट पाहिलेलं असतं.

(दृश्य: पुन्हा चाळीखालचं दुकान. आता तिथे मोबाइल दुरुस्ती.)

शिंपीकाका काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाला ऐकू येतं. तो वडिलांशी लहानपणापासून हातांनी बोलला. परवा भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, तुझ्या बाबांना चाळीतल्या लोकांची नावं माहीत होती का?

तो म्हणाला, सगळ्यांची. आणि एकेक करून दाखवू लागला. माझे वडील: ओठांवरून दोन्ही बाजूंना पिळलेली मिशी. आई: नाकाच्या डाव्या बाजूला टेकवलेली चिमूट, तिची चमकी. वरच्या मजल्यावरचे जोशी: खिशात पुन्हा पुन्हा चाचपणारा हात. म्हटलं, आणि मी?

त्यानं दोन बोटं वरच्या दातांपुढे धरली आणि हलवली. ससा.